मुख्यालयातला माग

माघातल्या सकाळी साडेसातच्या सुमारास माझ्या स्वयंपाकघरात पश्चिमेच्या खिडकीतून ऊन येतं. लिहिताना चूक झालेली नाही, पश्चिमेच्याच. सुरतेतल्या गोडादऱ्यात आमच्या तिसऱ्या मजल्यावर ते जेमतेम दहा मिनिटं टिकतं, हळदीच्या डब्यावरून पोळपाटावर सरकतं आणि नाहीसं होतं. पण तेवढ्यात मळलेल्या कणकेला एक निळसर, निर्जीव छटा येते आणि माझं डोकं दिवसभरासाठी फिरतं. ते ऊन दूर रिंगरोडच्या बाजूला उभ्या असलेल्या एका बँकेच्या मुख्यालयाचं आहे. खऱ्या सूर्यानं पूर्वेकडून पाठवलेला प्रकाश त्या इमारतीच्या काचा झेलतात, आपल्याला नको तेवढा परत फेकतात आणि ते उष्टं ऊन आमच्या वाट्याला येतं. मी पालिकेच्या मराठी शाळेत शिकवते. पहिलीतल्या पोरांना उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभं करायचं, समोर पूर्व, पाठीमागे पश्चिम, हा पाठ माझ्या तोंडात बसलेला आहे. परवा एका चिमुरडीनं हात वर करून शांतपणे विचारलं की तिच्या घरात ऊन दोन्हीकडून येतं, तर तिनं तोंड कुठे करायचं. मी तिला खाली बसायला सांगितलं, दुसरं काय करणार?

ती इमारत मला आवडत नाही, असं मी पूर्वी सौजन्यानं म्हणत असे. आता सौजन्य संपलं. मला तिचा राग येतो, अगदी सख्ख्या शेजारणीचा यावा तसा, रोज, कारण असताना आणि नसतानाही. काचेचा तो अजस्र खांब कुठूनही दिसतो: बाजारातून, पुलावरून, शाळेच्या मुतारीच्या झरोक्यातूनसुद्धा. ‘माझे शहर’ हा विषय दिला की पोरं तापीला दोन वाकड्या रेघांत गुंडाळतात आणि पानभर तो खांब काढतात, त्यावर पट्टीनं आखलेल्या चौकोनी खिडक्या, एकसारख्या, एकही उघडी नाही. यात पोरांची काही चूक नाही, खरोखरच तिची एकही खिडकी उघडत नाही. संक्रांतीला शहरभर पतंग उडतात, तेव्हा वाऱ्यानं भरकटलेले चार-दोन त्या गुळगुळीत काचेवर जाऊन आपटतात आणि धरायला काही न मिळाल्यामुळे घरंगळत खाली येतात. झाडावर अडकलेला पतंग निदान होळीपर्यंत फडफडत तरी राहतो.

मुंबईत अशा इमारती पाहिल्या होत्या, इतर मोठ्या शहरांच्या चित्रांतही पाहिल्या होत्या, आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न मनात यायचा की बँकेला एवढी उंची कशासाठी लागते? देवळाला शिखर असतं, कारण दूरच्या वाटसरूला ते दिसावं. दीपस्तंभाला उंची असते, कारण समुद्रातल्या माणसाला तीर कळावा. बँकेची तिजोरी तर तळघरात असते. मग वर, ढगांच्या शेजारी बसून ही माणसं करतात तरी काय? मला वाटतं, ती खाली पाहतात. वरून पाहिलं की गोडादरा, नवागाम, लिंबायत ही सगळी पत्र्यांची आणि पाण्याच्या टाक्यांची एक करडी गोधडी दिसत असेल, आणि गोधडीखाली कोण झोपलंय याची चौकशी कोणी करत नाही. हे माझं म्हणणं अन्यायाचं असेल. आहेच. पण त्या इमारतीनं माझ्याशी न्यायानं वागायचं कुठे कबूल केलंय?

ती जिथे उभी आहे तिथे पूर्वी लूमचे कारखाने होते, लांबच लांब, बुटक्या छपरांचे, आणि त्यांतल्या एकात माझ्या वडिलांची, आप्पांची, उभी हयात गेली. खानदेशातून ते आणि माय सुरतेला आले तेव्हा माय पोटुशी होती, म्हणजे मी निम्मी तिकडची आणि निम्मी इकडची. त्या कारखान्याचा वास अजून माझ्या नाकात आहे. तेल, तापलेलं लोखंड, खळीचा आंबूस दर्प आणि ओल्या कपाळांवर चिकटलेला तंतूंचा भुसा यांचा तो एकजीव वास आप्पांच्या सदऱ्यातून धुतल्यावरही जात नसे. आणि तो आवाज! शंभर माग एकदम चालू असताना माणसाचा शब्द माणसाला ऐकू जात नसे, म्हणून विणकर ओठ वाचायला शिकत आणि बोलायची वेळ आली तर ओरडत. हळूहळू त्या आवाजानं आप्पांचे कान खाल्ले. माग बंद पडले, छपरं उतरली, जमीन विकली गेली, सोबतीचे विणकर कुठे कुठे पांगले, पण आप्पा अजूनही आमच्या दोन खोल्यांत असे बोलतात की जिन्यावरची माणसं थबकतात. शब्द अहिराणी आणि पट्टी सप्तकाच्या वरची. मला लहानपणापासून त्या आवाजाची लाज वाटत आली आहे. हे मी आजवर कुणापाशी बोलले नव्हते.

वैशाली आमच्याकडे आली ती पोंकाच्या दिवसांत. कधीकाळी माझ्या वर्गातली, दोन वेण्या घालणारी, शेजारच्याच गल्लीतली ही मुलगी आता त्या बँकेच्या प्रसिद्धीच्या कामात आहे. येताना कोवळ्या ज्वारीचा हिरवागार पोंक आणि शेव घेऊन आली, पाया पडली आणि मग मुद्द्यावर आली. इमारतीचं औपचारिक उद्घाटन व्हायचं होतं. तळमजल्याच्या भव्य दालनात, या जागेची आठवण म्हणून, एक जुना यंत्रमाग मांडला होता, आणि त्या मागाशी उभा असलेला एक खराखुरा विणकर, याच जमिनीवर राबलेला, त्यांना छायाचित्रासाठी हवा होता. छायाचित्र पुरुषभर उंचीचं होऊन कायमचं भिंतीवर लागणार होतं, खाली नाव, गाव. “बेन, आप्पाशिवाय दुसरं कोण आहे?” ती म्हणाली. “बस, फोटो पाडायचा आणि झालं. चालेल ने?”

आता इतका वेळ त्या इमारतीच्या नावानं बोटं मोडणाऱ्या बाईनं काय उत्तर दिलं असेल? मी हो म्हटलं. तत्क्षणी म्हटलं, आप्पांना विचारायच्या आधी म्हटलं. ज्या भिंतीपलीकडे आमच्यासारख्याला पाण्याचा पेला मागायची सोय नाही, त्या भिंतीवर माझा बाप पुरुषभर उंचीनं लागणार, या कल्पनेनं मला अशी काही झिंग चढली की हातातला पोंक तोंडात जायचा राहिला. रागाच्या तळाशी किती हावरट आशा दडलेली असते, हे त्या दिवशी मला कळलं आणि मी ते सोयीस्करपणे विसरले.

आप्पांना मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. नंतरचे आठ दिवस आमच्या घरात लगीनघाई होती. पांढरा सदरा कडक इस्त्रीचा झाला, टोपीला नीळ दिली, आणि नवागामला राहणाऱ्या दगडूनानांना तर आप्पा स्वतः जाऊन सांगून आले. दगडूनाना म्हणजे त्यांचे शेजारच्या मागावरचे सोबती, जिवाचे दोस्त आणि कामातले जन्माचे प्रतिस्पर्धी. कापडात एक दोष दिसला की दगडूनाना आठवडाभर तो विषय चघळत, आणि आप्पांना त्यांच्या तोंडून ‘चोख’ हा एक शब्द ऐकण्यापेक्षा मोठी पदवी नव्हती. आप्पांकडे ना शेत, ना घर स्वतःचं. चोख विणकर एवढं एकच नाव त्यांनी आयुष्यात कमावलं, आणि ते नाव आता भिंतीवर लागायचं होतं.

ठरल्या दिवशी दुपारी आम्ही गेलो. काचेचं दार आपोआप बाजूला झालं आणि आतल्या गार, लिंबाच्या सालीसारख्या सुगंधी हवेनं आम्हाला वेढलं. त्या दालनाला छप्पर असं नव्हतंच, मान मागे टाकावी तिथपर्यंत नुसता उजेड, आणि खाली असा गुळगुळीत दगड की आप्पांनी बिचकून चपला काढल्या. मी त्यांना त्या पुन्हा घालायला लावल्या. कुठेही वास नाही, घाम नाही, कुणाचा मोठा श्वास नाही; मुलंमुली मांजराच्या पावलांनी ये-जा करत होती. त्या शांततेत आप्पा बोलले, “आठे मना माग व्हता!” म्हणजे इथे माझा माग होता. त्यांच्या परीनं ते हळूच बोलले असतील. तो आवाज वरपर्यंत गेला, कुठल्याशा सज्ज्यावर आदळला आणि परत आला. पाच-पंचवीस चेहरे वळले. दोघी तरुणी ओठ दाबून हसल्या, आणि मी, छप्पन वर्षांची शिक्षिका, आप्पांच्या दंडाला चिमटा काढून पुटपुटले की जरा हळू.

मग आम्ही मागापाशी गेलो. त्याला काळा चकचकीत रंग दिला होता, कडांवर सोनेरी रेघा, वंगणाचा टिपूस नाही. बँकेच्या निळ्या आणि केशरी रंगांचं जाड सूत मागच्या बीमवरून, म्हणजे ज्या रुळावर उभ्या तारा गुंडाळलेल्या असतात तिथून, पुढे ताणलं होतं आणि वरून दिवे सोडले होते. कोणालाही सुंदर वाटावं असंच ते होतं. मलाही क्षणभर वाटलं. आप्पा वाकले. त्यांनी नाक जवळ नेलं, मग बोट पुढे केलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची नवऱ्या मुलासारखी सगळी ऐट एकाएकी ओसरली. मागाच्या चौकटीत बारीक पोलादी काड्या लोंबतात, प्रत्येकीला मध्ये एक डोळा असतो. एकेक तार एकेका डोळ्यातून ओवायची आणि मग पुढच्या फणीच्या एकेका फटीतून काढायची, हे त्या यंत्राचं मुळाक्षर. सजावट करणाऱ्यांनी सात-सात, आठ-आठ तारांचे झुबके करून फणीतून कसेबसे कोंबले होते आणि डोळ्यांकडे तर ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आडवं सूत नेणारा धोटा उलटा ठेवला होता. “हाई कोनी करं?” आप्पा गरजले. “आंधयानं करेल शे का?” हे कोणी केलं, आंधळ्यानं केलं का, असं ते विचारत होते आणि सगळं दालन ऐकत होतं.

सजावटीचे साहेब आले. गोड हसले. हिंदीत म्हणाले की बाबूजी, ही तर शोभेची वस्तू आहे, कुणाला काय कळतंय? त्यांच्या या एका वाक्यात त्या इमारतीचा पायापासून कळसापर्यंतचा सगळा स्वभाव मला ऐकू आला. कुणाला काय कळतंय! ज्यांना कळतं त्यांना हुसकून लावल्यावर कुणाला कळणार? मी तिथेच त्या माणसाचे वाभाडे काढायला हवे होते. त्याऐवजी मी आप्पांच्या तोंडासमोर तोंड नेऊन, ओठ स्पष्ट हलवत, त्यांना समजावू लागले की पाच मिनिटांचं काम आहे, नुसतं उभं राहायचं, वैशालीची नोकरी आहे, मोठे साहेब खाली येणार आहेत, फोटोत तारा कोण मोजतंय. आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मध्येच थांबले. ते म्हणाले, दगडू पाहील. मग म्हणाले की पुढे कधी कुणी विणकराचं लेकरू इथे येईल, या मागाशी माझं नाव वाचेल, आणि म्हणेल की याला एक बीमसुद्धा ओवता येत नव्हता. “मी आठे नही उभा ऱ्हास,” मी इथे उभा राहणार नाही, एवढं बोलून ते दाराकडे वळले.

शेवटी तडजोड वैशालीनंच काढली, आणि त्याबद्दल मी तिच्या शाळेला, म्हणजे स्वतःला, थोडं श्रेय देते. मोठे साहेब यायला तासभर होता. सगळा माग नाही, पण छायाचित्रात येईल तो मधला वीतभर पट्टा तरी आप्पांनी रीतसर ओवावा, असं तिनं सजावटीच्या साहेबांना पटवलं. आप्पांनी खिशातून लांब दांड्याचा बारीक आकडा काढला. तो त्यांनी घरून आणला होता हे मला ठाऊकच नव्हतं. पण बीम ओवायला दोन माणसं लागतात: पुढे बसून आकड्यानं तार खेचणारा, आणि मागे बसून हातात एकेक तार वेगळी करून देणारा. पूर्वी गरज पडली की माय मागे बसायची. माय गेली. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी माझी ठेवणीतली पैठणी गुडघ्यांपर्यंत आवळून त्या आरशासारख्या फरशीवर मागाच्या मागे बसले.

सुरुवातीला हात वेंधळे होते. मग लय सापडली. डोळ्यातून आकड्याचं चमकतं टोक यायचं, मी त्यावर तार अडकवायची, ती सुळकन पलीकडे जायची. निळी, केशरी, निळी, केशरी. काड्यांच्या आणि तारांच्या जाळीतून मला आप्पांचा चेहरा तुकड्यातुकड्यांनी दिसत होता: अर्धा चष्मा, पांढरी भुवई, किंचित बाहेर आलेली जीभ. कितीतरी वर्षांत मी त्यांना असं सुखी पाहिलं नव्हतं. थकत होते, मध्येच डोळे पुसत होते, आकडा कधी कधी डोळ्याला हुकत होता, पण कुठेतरी ते त्या दालनातून उठून शंभर मागांच्या गजरात जाऊन बसले होते. “तार दे!” ते ओरडत. मी तार देई. “तार दे!” आणि प्रत्येक ओरडण्यासरशी माझी मान आपोआप वळत होती, कोण पाहतंय, कोण हसतंय. लोक थांबून फोनवर चित्रण करत होते. त्या दोघी तरुणी पुन्हा आल्या होत्या. एकीनं आप्पांच्या आवाजाची नक्कल करून काहीतरी म्हटलं आणि दुसरीनं तोंडावर हात धरला. मी त्यांच्याकडे रागानं पाहत राहिले. बोटं आपलं काम करत होती, असं मला वाटलं.

वीतभर पट्टा पुरा झाला, आप्पांनी तारा पुढच्या रुळाला ताणून बांधल्या आणि मी गुडघ्यांवर हात टेकत उठून पुढे आले. उजव्या-डाव्या बाजूच्या त्या कोंबाकोंबीत मधला पट्टा असा स्वच्छ, असा शिस्तीत दिसत होता की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि त्या पाण्यातूनच मला ती जागा दिसली. पट्ट्याच्या जवळजवळ मध्यावर फणीच्या एकाच फटीतून दोन तारा आल्या होत्या, एक निळी आणि एक केशरी, एकमेकींना चिकटून. दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं. पण एक फट चुकली की तिथून पुढचं सगळं सरकतं. कापड झालं असतं तर शेवटच्या वारापर्यंत तिथे एक जाड रेघ गेली असती. दुरुस्त करायची तर निम्मा पट्टा उसवून पुन्हा ओवायला हवा होता. आयुष्यभर लाल शाईनं पोरांच्या चुकांना गोल करणारी मी, गप्प बसले. आप्पा चष्मा पुसत होते, चेहरा दमलेला आणि उजळलेला. त्यांना दिसलं नाही तर बरंच आहे, असं मी मनाशी म्हटलं.

वर घंटी वाजली, लिफ्टचं दार उघडलं, कोटातली माणसं बाहेर आली. छायाचित्रकारानं दिवे हलवले. आप्पा मागाशेजारी उभे राहिले आणि सवयीनं, जुने विणकर सुरुवातीला फिरवतात तसा, त्यांनी अंगठा तारांवरून डावीकडून उजवीकडे फिरवला. मध्यावर अंगठा थांबला. अंगठ्याला चष्मा लागत नाही, हे मला तोपर्यंत सुचलं नव्हतं. तो जरासा मागे आला, पुन्हा पुढे गेला, तिथेच थांबला. आप्पांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. माझी नजर खाली गेली, आणि ती खाली गेल्यानंच त्यांना काय ते कळलं असावं. आता हा माणूस गरजणार, सगळं उसवणार, पुन्हा दाराकडे चालू लागणार, असं मी धरून चालले. त्यांनी आपला उजवा तळवा उघडला, अलगद त्या जागेवर ठेवला, आणि आयुष्यात मी ऐकलेल्या त्यांच्या सगळ्यांत हळू आवाजात म्हणाले, “काढा फोटू.”

ते छायाचित्र आता त्या दालनात लागलं आहे. खरंच पुरुषभर आहे, आणि खरंच सुंदर आहे, हे कबूल करताना माझी जीभ अडखळते. टोपीची कड, ताठ मान, आणि तारांवर विसावलेला तो रुंद, शिरा आलेला तळवा. ज्यानं त्यानं त्या तळव्याचं कौतुक केलं. विणकराची आपल्या मागावरची माया, असं म्हणे मोठे साहेब भाषणात बोलले. शाळेतल्या बायकांनी माझं अभिनंदन केलं. मी मात्र स्वयंपाकघरात, अंघोळीच्या वेळी, वर्गात पाढे घेताना, त्या दुपारचा तो एक क्षण शोधत राहते. एकाच फटीत दोन तारा जायला दोन वाटा असतात. पुढच्या माणसाला नीट दिसलं नाही तरी जातात, आणि मागच्या माणसानं दोन तारा चिकटलेल्या असताना न पाहता आकड्याला अडकवल्या तरी जातात. मी त्या हसणाऱ्या पोरींकडे पाहत होते. ती चूक आप्पांच्या डोळ्यांची होती की माझ्या लाजेची, हे मी त्यांना विचारलेलं नाही. विचारायचं तर ओरडून विचारावं लागेल.

फाल्गुनात एका दुपारी दगडूनाना हट्टच धरून बसले की मला ते पाहायचंच आहे. रिक्षातून आम्ही तिघं गेलो. उद्घाटनानंतर मागाभोवती पितळेचे खांब उभे राहिले आहेत, त्यांना जाड जांभळी दोरी आणि शेजारी गणवेशातला एक रखवालदार. दगडूनानांनी आधी छायाचित्र पाहिलं, पुष्कळ वेळ पाहिलं, आणि आप्पांच्या पाठीवर थाप मारली. मग आप्पांना दिसेल असं तोंड करून विचारलं, “मांगे कोन बठेल व्हतं?” मागे कोण बसलं होतं, हा प्रश्न विणकरालाच सुचावा.

“मनी पोर!” आप्पा म्हणाले. माझी पोर. पूर्ण आवाजात, छाती काढून, दालनातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं.

दगडूनानांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं, चष्मा कपाळावर चढवला आणि मधला पट्टा जवळून पाहायला ते दोरीवरून पुढे वाकले. त्यांचा अंगठा पुढे झाला होता. आप्पा कडेला ताठ उभे होते, दोन्ही हात सदऱ्याच्या खिशात घट्ट कोंबलेले. तेवढ्यात रखवालदार पुढे आला, त्यानं हात आडवा धरला आणि करड्या आवाजात म्हणाला, “काका, पीछे हटिये. छूना मना है.”

नाना चडफडत मागे सरले. म्हणाले, काय ही मेल्यांची तऱ्हा, विणकरालाच मागाला हात लावू देत नाहीत. एरवी हे वाक्य माझं होतं, आणि पुढची दहा मीच म्हटली असती. मी वळले, त्या रखवालदाराकडे पाहिलं, आणि हात जोडून त्याला म्हटलं, “शुक्रिया, भैया.”

त्याला काही कळलं नाही. आप्पांनी मात्र माझे ओठ वाचले, आणि मान फिरवून बाहेरच्या रस्त्याकडे पाहू लागले.